साठवणीचा अधिकार



पालघर जिल्ह्यात काय पिकते, याबद्दल आपण अभिमानाने बोलतो आणि तो अभिमान योग्यच आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये आणि वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बहाडोलीचे जांभूळही अलीकडे त्या यादीत गेले. ज्या रुपेरी पापलेटसाठी सातपाटी ओळखली जाते, त्याला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. आज मला बोलायचे आहे ते पिकल्यानंतरच्या दिवसांविषयी. भात कापून झाले, जाळे ओढून झाले, झाड उतरवून झाले, की पुढच्या पंधरा दिवसांत त्या मालाचे काय होते? तो कोण वाळवतो, कोण खारवतो, कोण कणग्यात भरतो आणि कोण मिळेल त्या भावाला विकून मोकळा होतो? माझे म्हणणे असे आहे की सुगीचा खरा मालक या पंधरा दिवसांत ठरतो. सातबारा कोणाच्या नावावर आहे किंवा होडी कोणाची आहे, याने तो पुरता ठरत नाही. ज्याला माल राखून ठेवता येतो, त्याच्या हातात भाव राहतो आणि पावसाळ्यातले ताटही राहते. ज्याला ठेवता येत नाही, तो स्वतः पिकवलेले अन्न चार-सहा महिन्यांनी चढ्या भावाने परत विकत घेतो. म्हणून वाळवण, खारवण, मुरवण, कांडण या कामांकडे स्वयंपाकघरातली हौस म्हणून पाहणे आपण सोडले पाहिजे. पाटबंधाऱ्याइतकाच हा सार्वजनिक प्रश्न आहे.

या भूभागाचे वर्ष दोन असमान भागांत विभागलेले आहे. जूनपासून चार महिने धो धो पाऊस, आणि उरलेल्या आठ महिन्यांत जवळजवळ कोरडे आकाश. समुद्र तर त्या चारांपैकी दोन महिने यांत्रिक होड्यांना बंद असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी आहे. ती नसली तरी खवळलेल्या दर्यात लहान होड्या जातच नव्हत्या. डोंगरपट्ट्यात याच काळात अंगमेहनत सर्वांत जास्त आणि घरातले धान्य सर्वांत कमी. पेरणी, लावणी, बेणणी ही कामे रिकाम्या पोटी होत नाहीत, आणि नवे भात तर दसरा-दिवाळीशिवाय हाती येत नाही. म्हणूनच किनाऱ्यावर आणि डोंगरात, दोन्हीकडे, पावसाच्या तोंडावर आगोटीची बेगमी करण्याची रीत पडली. तांदूळ, वाल, तूर, उडीद, कांदे, लसणीच्या वेण्या, वर्षाचा मसाला, चिंच, मीठ, पापड, सुके बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या आणि सर्वांच्या आधी कोरडी लाकडे. या यादीतली बहुतेक प्रत्येक वस्तू कार्तिकापासून वैशाखापर्यंत कधीतरी मुबलक असते आणि श्रावणात दुर्मिळ होते. मुबलकतेला दुर्मिळतेपर्यंत नेऊन पोहोचवणे, एवढेच आगोटीचे काम. पण त्यासाठी लागणारे ज्ञान फार बारीक आहे. त्याला आपण ज्ञान म्हणत नाही, म्हणून ते जरा तपशिलाने सांगावे लागते.

बोंबील घ्या. ताज्या बोंबलात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. इतका पाणीदार मासा बर्फातही पापलेटासारखा टिकत नाही. काही तासांतच तो लिबलिबीत होऊन त्याचा भाव उतरतो. शिवाय तो डोल जाळ्यात येतो. प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेल्या त्या लांब पिशवीत भरती-ओहोटीबरोबर जो ढीग सापडतो, तो ताजाच विकून संपवणे हंगामात शक्य नसते. या अडचणीवर सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, डहाणू, अर्नाळा, नायगाव येथल्या मांगेला, कोळी, वैती बायकांनी काढलेला उपाय म्हणजे वलांडी. बांबूच्या खांबांना आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची. दातांची ठेवणच अशी की एकदा अडकलेले जबडे सुटत नाहीत, त्यामुळे गाठ लागत नाही की तार लागत नाही. मासा जमिनीला टेकत नाही, वारा चारही बाजूंनी फिरतो, पाणी खाली निथळते. मीठही लावत नाहीत. कडक ऊन आणि कोरडा वारा असेल तर दोन-तीन दिवसांत मासा कडकडीत होतो. शंभर किलो ओल्या बोंबलाचा सुका माल जेमतेम बारा-पंधरा किलो भरतो, पण त्यात सुमारे साठ टक्के प्रथिने असतात, आणि हाडासकट खाल्ला जात असल्याने चुनाही भरपूर. ओल इतकी कमी झालेली असते की जिवाणूंना त्यात वाढता येत नाही. विजेचे एक युनिटही न जाळता नाशवंत माल वर्षभराच्या प्रथिनांत बदलणारे हे तंत्र आहे. हे आकडे घेऊन कोणत्याही प्रयोगशाळेत मान खाली घालावी लागणार नाही.

दुसरे उदाहरण वसईचे. आगाशी आणि आसपासच्या वाड्यांत राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात. केळे वाळवणे हे बोंबलापेक्षा अवघड, कारण त्यात साखर आहे. घाई केली तर बाहेरून कातडे धरते आणि आत ओल राहून आंबते. म्हणून ती दिवसा उन्हात आणि रात्री झाकून ठेवायची, आतली ओल सावकाश बाहेर येऊ द्यायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी ऊन दाखवायचे आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानात बांधायची. आगाशीच्या सुक्या केळ्यांची ख्याती एवढी होती की १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरने तिची दखल घेतली. साखर न घालता, रसायन न वापरता टिकणारी ही मिठाई आज मोजक्या घरांपुरती उरली. वाड्या गेल्या, इमारती आल्या, आणि केळी वाळत घालायला लागणारी उघडी, निर्धूळ जागाही गेली. साठवणीला जागा लागते, ही साधी गोष्ट नगररचनेचे नकाशे आखताना कोणी धरली नाही.

भाताची गोष्ट त्याहून जुनी. कापणीच्या वेळी दाण्यात वीस टक्क्यांच्या वर ओल असते. ती चौदा टक्क्यांच्या आसपास आली नाही तर बुरशी धरते. कापलेले भात शेतात वाळवणे, भारे रचणे, झोडणी, उफणणी, पुन्हा ऊन देणे आणि मग शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणग्यात निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला घालून भरणे, या प्रत्येक पायरीला कारण आहे. सारवलेली भिंत हवा किंचित खेळू देते आणि किडीला वाट देत नाही. भात टरफलासकट ठेवायचे आणि लागेल तसे कांडायचे, हा नियमही त्यातलाच. टरफल हे दाण्याचे निसर्गाने दिलेले वेष्टन. कोलम, ज्याला इथे झिनी म्हणतात, तो जुना झाला की अधिक मोकळा शिजतो आणि त्याला अधिक भाव येतो. म्हणजे ज्याच्याकडे कणगा आहे आणि वर्षभर थांबण्याची ऐपत आहे, त्याच्या मालाची किंमत नुसत्या थांबण्याने वाढते. ही वाढ आज बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या घरात होत नाही, व्यापाऱ्याच्या गोदामात होते.

सगळेच साठवावे असे मात्र या संस्कृतीने कधी मानले नाही, आणि मला हा तिचा सर्वांत शहाणा भाग वाटतो. जे टिकत नाही ते सुगीतच, सर्वांनी मिळून, पोटभर खायचे. दिवाळीला वारली घरांत नव्या चवळीच्या शेंगा, करांदे, कोनफळ उकडतात, काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवून पानात वाफवलेल्या सावेल्या करतात. नवा भात आधी धान्यदेवता कणसरीला दाखवायचा आणि मगच खायचा. यात भक्ती आहेच, शिवाय कच्चे, अर्धे वाळलेले धान्य उतावीळपणे संपवू नये याचा बंधही आहे. केळवे-माहीमपासून डहाणूपर्यंतच्या बागायती पट्ट्यात थंडीत उकडहंडी लागते. वालपापडी, रताळी, कोनफळ, वांगी, त्यांना ओल्या लसणीच्या पातीचे हिरवे वाटण, मडक्याचे तोंड पाल्याने बंद करून ते उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ. थेंबभर पाणी न घालता भाजी आपल्याच वाफेत शिजते. एकीकडे अशी ताजी उधळण आणि दुसरीकडे कणग्यातली काटकसर, ही दोन्ही एकाच हिशेबाची अंगे आहेत. कोणती वस्तू कुठल्या बाजूला टाकायची, हे ठरवण्यात पिढ्यानुपिढ्यांची पारख लागली आहे. पाऊस सुरू झाला की शेवळी, कुरडू, टाकळा, कंटोळी, बांबूचे कोवळे वास्ते जंगल स्वतःच देते. ते साठवण्याचे कारण नाही. शेवळीला काकडाचा आंबटपणा द्यायचा म्हणजे घसा खाजत नाही, आणि वर मूठभर सुका जवळा घातला की भाताबरोबर पूर्ण जेवण होते. या एका भाजीत जंगल, शेत आणि समुद्र एकत्र आलेले असतात. समुद्र तिथे पोहोचला तो सुकवलेला होता म्हणूनच. विक्रमगड, जव्हार, मोखाडा, मनोरच्या आठवडे बाजारांत सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांनी किनाऱ्याची प्रथिने डोंगरापर्यंत नेली. जिल्हा म्हणून पालघर १ ऑगस्ट २०१४ ला जन्मला. पण सुक्या मासळीने तो आधीच जोडलेला होता.

आता प्रश्न असा येतो की इतके ज्ञान हाताशी असताना याच भूमीत भूक का राहिली? याचे उत्तर इतिहासात आहे. इथल्या माणसाला साठवणे येत नव्हते, असे कधीच नव्हते. साठवणे त्याला करू दिले गेले नाही. मोहाचे फूल हे वाळवून ठेवता येणारे अन्न आहे. टंचाईत ते भाजून, पिठात मिसळून खाल्ले जाई. पण त्यापासून दारूही होते, आणि सरकारचे अबकारी उत्पन्न दारूवर अवलंबून होते. म्हणून मुंबई सरकारने १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी कायदा करून मोहाची फुले गोळा करण्यावर आणि जवळ बाळगण्यावर निर्बंध घातले. आजचा पालघर जिल्हा त्या ठाण्याचाच भाग. आपल्याच झाडाखाली पडलेले फूल घरात साठवले तर गुन्हा, असे एका अख्ख्या प्रदेशाला सांगितले गेले. मिठाचेही तेच. मीठ हे मासळीसाठी टिकवण्याचे साधन आहे. त्यावरचा कर प्रत्यक्षात साठवणीवर बसत होता. १९३० मध्ये वलसाडजवळच्या धारासण्याला माणसांनी लाठ्या झेलल्या, तेव्हा त्यामागे केवळ चवीचा प्रश्न नव्हता, हे किनाऱ्यावरच्या लोकांना वेगळे सांगावे लागले नसेल.

सर्वांत कठोर उदाहरण खावटीचे आहे. कार्तिक-मार्गशीर्षात भात खळ्यावर आले की खंडापोटी आणि कर्जापोटी त्यातले बरेचसे जमीनदार-सावकाराच्या घरी जाई. आषाढात तेच भात खावटी म्हणून उसने मिळे आणि पुढच्या सुगीला दीडपट-दुपटीने फेडावे लागे. धान्य तेच, फक्त मधले सहा-सात महिने ते दुसऱ्याच्या कोठारात राहिले, आणि त्या महिन्यांनी माणूस वेठीला बांधला गेला. सायमिंग्टन यांच्या १९३९ च्या सरकारी अहवालात या भागातल्या आदिवासींच्या कर्जबाजारीपणाचे आणि वेठीचे वर्णन आहे, आणि १९४५ पासून तलासरी-डहाणूकडे उठलेल्या वारली लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. त्या लढ्याकडे आपण जमीन आणि मजुरीचा लढा म्हणून पाहतो. माझ्या मते त्याच्या मुळाशी कोठाराचाही प्रश्न होता. ज्याचे कोठार त्याचा पावसाळा, आणि ज्याचा पावसाळा त्याच्या हाती माणूस. पुढे शासनानेच खावटीची योजना चालवली. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, आदिवासी कुटुंबाला चार हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले, निम्मे रोख आणि निम्मे धान्य-कडधान्य-तेलाच्या रूपात. मदत आवश्यकच होती. पण ऐंशी वर्षांनंतरही पावसाळ्याच्या अन्नासाठी बाहेरून हात यावा लागतो, याचा अर्थ घरचे कोठार अजून उभे राहिलेले नाही.

ते का उभे राहत नाही? सावकार गेला, तरी सुगीच्या वेळची निकड गेली नाही. दिवाळी झाली की मोखाडा-जव्हार-विक्रमगडची कुटुंबे वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, बोटींवर कामाला जातात. घराला कुलूप लागणार, हातात रोकड हवी, उधारी फेडायची. भात झोडल्या झोडल्या विकले जाते. आदिवासी विकास महामंडळाची आधारभूत किमतीची खरेदी केंद्रे आहेत, पण केंद्र उघडून, नोंदणी होऊन, पैसे खात्यावर येईपर्यंत थांबण्याची ताकद ज्याच्यात नाही, तो दारातल्या व्यापाऱ्याला देऊन टाकतो. साठवायला कोणीतरी घरी असावे लागते, आणि स्थलांतराने नेमके तेच माणूस उचलून नेले. बागायतदाराची अवस्था वेगळी, तरी जात तीच. चिकू पिकायला लागला की आठवडाही धरत नाही आणि जांभूळ तर दोन दिवसही नाही. भर हंगामात भाव पडतो आणि माल झाडाखाली राहतो. मानांकन नावाला संरक्षण देते, पण ते फळाला एक दिवसही जास्त टिकवत नाही. बोर्डी-घोलवडकडे चिकूच्या चकत्या वाळवून, भुकटी करून विकणारे महिलांचे उद्योग उभे राहिले, ते या पडलेल्या भावाला मिळालेले खरे उत्तर आहे. मानांकनाच्या समारंभापेक्षा मला त्या वाळवण्याच्या जाळीचे महत्त्व जास्त वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की हा काळ शीतगृहांचा आहे. वाळवण-खारवण हे गरिबीच्या दिवसांचे उपाय, ते आता कशाला? बर्फाला माझा विरोध नाही. पापलेट, कोळंबी, भोपळी मिरची यांना बर्फ आणि शीतगाडी हवीच. पण थंडीची साखळी कोणासाठी आहे, हे पाहावे. जो माल बाहेर जायचा त्याला ती उपयोगी; जो माल इथेच, इथल्या ताटात राहायचा, त्याला वाळवणे उपयोगी. शीतगृहाला अखंड वीज आणि मोठे भांडवल लागते, म्हणून त्याची मालकी साहजिकच व्यापाऱ्याकडे जाते. वलांडी आणि कणगा यांची मालकी घराकडे राहते. दुसरे म्हणणे असे की २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो. मग साठवायचे कशासाठी? त्या कायद्याने खावटीच्या सावकारीचा कणा मोडला, हे मान्य करायलाच हवे, आणि तो कायदा कमकुवत करण्याला माझा ठाम विरोध राहील. पण रेशनचा तांदूळ-गहू पोट भरतो; त्यात डाळ नाही, मासा नाही, नाचणी नाही, वाल नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्या मृत्यूंना आजारपण, रस्ते आणि दवाखान्यांचा अभाव अशी अनेक कारणे होती, तरीही कुपोषण पावसाळ्यातच तीव्र होते हे त्यानंतर कोणालाही नाकारता आलेले नाही. आईच्या आणि मुलाच्या ताटात श्रावणात काय पडते, हा प्रश्न रेशनच्या पोत्याने सुटत नाही.

आरोग्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. लोणची, पापड, खारवलेले मासे यांत मीठ भरपूर. चिनी पद्धतीच्या खारवलेल्या माशांना तर कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. वाळवताना क जीवनसत्त्व जाते. वाळूवर पसरलेल्या जवळ्यात रेती येते, माश्या बसतात. अर्धवट वाळलेल्या धान्यात आणि शेंगदाण्यात बुरशीचे विष होते. हे सर्व खरे आहे, आणि म्हणून ‘जुने ते सोने’ असे म्हणण्याची माझी तयारी नाही. पण या यादीकडे नीट पाहिले तर बहुतेक दोष वाळवण्याचे नाहीत, वाईट वाळवण्याचे आहेत. बोंबील आणि जवळा बिनमिठाचे सुकतात. जमिनीऐवजी उंच जाळीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर पसरले तर रेतीचा आणि घाणीचा प्रश्न बराचसा संपतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने सौर वाळवणीयंत्रे विकसित केली आहेत, त्यांत माशी शिरत नाही आणि अवकाळी पावसातही माल वाचतो. दाण्यातली ओल मोजणारे यंत्र गावात एक असले तरी पुरते. म्हणजे हा आक्षेप साठवण सोडून द्या असे सांगत नाही, ती नीट करायला पैसा घाला असे सांगतो. आणि मिठाच्या बाबतीत सांगायचे तर, लोणचे-पापड ताटाच्या डाव्या बाजूलाच असावेत, ही आपली जुनी वाढण्याची रीत डॉक्टरांच्या सल्ल्याशी जुळणारीच आहे.

चौथा आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. वैशाखाच्या उन्हात वाळवण घालणारी, पहाटे तीनला बंदरावर पोहोचणारी, बोंबील जोडणारी, राखण करणारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाईच असते. घरगुती साठवणीचे गुणगान म्हणजे तिच्या बिनपगारी कष्टांचे गुणगान, असे कोणी म्हटले तर त्याला चूक म्हणता येणार नाही. याच कारणासाठी या कामाला परंपरेच्या मखरात बसवण्याला माझा विरोध आहे. ते काम म्हणून ओळखले पाहिजे, त्याचे दाम मिळाले पाहिजेत, त्यातले ओझे यंत्राने उचलले पाहिजे आणि पुरुषांनी त्यात हात घातला पाहिजे. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. पापड तोच, पण तो घरासाठी फुकट लाटण्याऐवजी मालकीहक्काने लाटला गेला. सातपाटीच्या किंवा मुरब्याच्या सुक्या मासळीला, सुकेळीला, नाचणीच्या पापडाला तसे संघटन का मिळू नये? सुकत घातलेली मासळी अवकाळी पावसाने भिजली की तिला पिकासारखे नुकसान धरावे, ही मागणी मच्छीमार संघटनांना दर वेळी नव्याने करावी लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले. समुद्र अशांत होण्याच्या या काळात वलांडीवरचे पीकही पीकच आहे, हे सरकारदरबारी लिहिले जायला हवे. ते लिहिले जात नाही, कारण ते बाईचे काम मानले गेले आहे.

शेवटचा आक्षेप बोईसर-तारापूरमध्ये बसून टाळणे म्हणजे अप्रामाणिकपणा होईल. इथले स्थानिक अन्न खावे असे मी सांगतो, पण इथले पाणी आणि माती कशी आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा प्रदूषणगुणांक सर्वांत वरचा होता. सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली आणि लवादाने पुढे उद्योगांवर मोठी भरपाई बसवली. इथे एक शास्त्रीय गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ऊन जिवाणू थोपवते, पण जड धातू उडवून लावत नाही. उलट पाणी गेल्याने दर किलोमागे त्यांचे प्रमाण वाढते. म्हणून प्रदूषित पाण्यातला मासा वाळवून सुरक्षित होत नाही. यावरून काही जण म्हणतील की मग बाहेरचेच अन्न आणा. मी उलटा निष्कर्ष काढतो. जो बाहेरून आणलेले खातो त्याला खाडी मेली तरी फरक पडत नाही. ज्याचे वर्षभराचे अन्न त्या खाडीतून येते, तोच तिच्यासाठी लवादापर्यंत जातो. मांगेला समाज गेला, यात योगायोग नाही. या किनाऱ्याची सुकी मासळी नियमित तपासली जावी, तिचे निकाल मराठीत गावोगाव लावले जावेत आणि भरपाईची रक्कम इथल्याच खाडी-किनाऱ्याच्या दुरुस्तीला लागावी, ही मागणी साठवणीच्या मागणीपासून वेगळी काढता येत नाही. वाढवण बंदराच्या पायाभरणीनंतर तर वाळवणीच्या जागांचा प्रश्न आणखी तातडीचा झाला आहे. सागरी किनारा नियमन अधिसूचनेत मासे सुकवण्याच्या जागा ही मच्छीमारांची मान्य सुविधा आहे; त्या जागा प्रत्येक गावाच्या नकाशावर मोजून नोंदवल्या गेल्या नाहीत, तर पुढे त्या होत्या हे सिद्ध करणेही कठीण जाईल.

मग करायचे काय? जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायदा आहे आणि आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींकडे येतो. गावाच्या आराखड्यात गटार आणि पेव्हर ब्लॉक यांच्या बरोबरीने वाळवणीचा ओटा, ओल मोजण्याचे यंत्र, लहान भातगिरणी आणि बियाण्याची कोठी यांचीही मागणी ग्रामसभेने नोंदवावी. जव्हार परिसरात बाएफ या संस्थेने स्थानिक वाणांच्या बियाणे-बँका उभ्या केल्या आहेत, तेव्हा हे काम शून्यातून सुरू करायचे नाही. स्थलांतराला निघणाऱ्या कुटुंबाचे भात गावच्या कोठारात तारण ठेवून त्याला लगेच रोख मिळाली, तर ते भात आषाढात त्याचेच राहील. अमृत आहार योजनेच्या आणि आश्रमशाळांच्या स्वयंपाकघरांनी वाल, नाचणी, तपासलेली सुकी मासळी याच जिल्ह्यातल्या गटांकडून घ्यावी. आणि बोईसरच्या कारखानदारांना एक विनंती. आपल्या कँटीनमध्ये रोज हजारो कामगार जेवतात. त्यांत ओडिशाचेही आहेत, ज्यांच्या घरी सुक्या मासळीला सुखुआ म्हणतात आणि आवडीने खातात. त्यांच्या ताटात आठवड्यातून एकदा मुरब्याचा बोंबील आणि वाड्याचा भात येऊ द्या. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, खरेदीचा एक करार लागतो. येत्या ग्रामसभांमध्ये हे ठराव मांडले जावेत, अशी माझी इथे बसलेल्या प्रत्येक सरपंचाला, शिक्षकाला आणि बचतगटाच्या प्रत्येक सभासद भगिनीला विनंती आहे. आगोटीच्या आत ओटे बांधून झाले पाहिजेत.